हार्ड डिस्क बदलताना: आधी प्रत, मग दुरुस्ती

हार्ड डिस्क कुरकुर करू लागली की बहुतेकांचा हात आधी दुरुस्तीकडे जातो. कोणी चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन लावतो, कोणी डीफ्रॅग करून विखुरलेल्या फाइली जुळवतो, कोणी थेट विंडोज नव्याने टाकायला घेतो. रडतखडत चालणारी डिस्क कायमची बसते ती बहुधा याच खटाटोपात. चेकडिस्कची खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बिघडलेले छोटे कप्पे, शोधणारी तपासणी अख्खी डिस्क वाचते, जिथे वाचता येत नाही तिथे पुन्हापुन्हा धडकते आणि वर फाइलींच्या नोंदी बदलून लिहिते. म्हणून आजारी डिस्कवर काहीही लिहायचं नाही, ती लागेल तेवढीच वाचायची, आणि दुरुस्ती जी काही करायची ती प्रतीवर. खालचा सगळा क्रम यातूनच येतो.

संगणक सुरू होताना विंडोज आपणहून डिस्क तपासायला निघालं आणि पडद्यावर सेकंद उलटे मोजू लागलं, तर कोणतीही कळ दाबून ती तपासणी रद्द करा.

बिघाड डिस्कचाच आहे ना?

संगणक मंद चालतो एवढ्यावरून डिस्कला दोष देऊ नका. विंडोज १० किंवा ११ जुन्या फिरत्या डिस्कवर असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्के दिसणं ही रोजचीच गोष्ट आहे. खरी लक्षणं वेगळी असतात. एखादं ठरावीक फोल्डर उघडताच सगळं गोठतं आणि मिनिटभराने सुटतं. कॉपी एकाच फाइलवर येऊन अडते. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम नोंदींत ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद, म्हणजे खराब ब्लॉक, किंवा १५३ क्रमांकाची, म्हणजे वाचनाचा पुन्हा प्रयत्न, अशी रांग लागलेली असते.

खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन वापरा. ते शक्यतो पेन ड्राइव्हवरून चालवा, आजारी डिस्कवर टाकू नका. त्यातले कच्चे आकडे मुळात सोळा-आधारी पद्धतीत दिसतात. फंक्शन मेनूतल्या अॅडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज दशमान करून घ्या, नाहीतर १० दिसलं की दहा समजाल आणि असतील सोळा. मग चार ओळी पाहा.

०५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. इथला छोटा आकडा महिनोन्महिने तेवढाच राहिला तर लगेच घाबरायचं कारण नाही, दर आठवड्याला वाढत असेल तर मात्र डिस्क उतरणीला लागली आहे. सी५ ही सर्वांत महत्त्वाची ओळ: हे सेक्टर आत्ता वाचता येत नाहीत आणि त्यांचा निकाल लागायचा आहे, म्हणजे तिथली माहिती या क्षणी अडकलेली आहे. सी६ त्याचीच सख्खी बहीण, वाचता न आलेले सेक्टर तीही मोजते. सी७ मात्र डिस्कचा आकडा नव्हे, तो डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वहनातल्या चुका मोजतो. गोव्यात कांदोळी-कोलव्याच्या किनारपट्टीत खाऱ्या हवेने सॅटा केबलची, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलची, टोकं काळवंडतात आणि हा आकडा चढतो. तो खाली कधीच येत नाही. केबल बदला, आकडा लिहून ठेवा. दोन दिवसांनी तेवढाच असेल तर नवी डिस्क घ्यायची गरज नव्हती.

सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत अवाढव्य आकडे दिसतात. ते तसेच असतात, त्याने दचकू नका. उलट वरती निळ्या चौकटीत ‘गुड’ दिसलं म्हणून निश्चिंतही होऊ नका. डिस्कचा स्वतःबद्दलचा अंदाज बऱ्याचदा उशिरा बदलतो.

कधी हात लावायचा नाही

डिस्कमधून ठेक्यात टक-टक आवाज येतोय, ती फिरते-थांबते-फिरते, लॅपटॉप पडल्यापासून खरखर सुरू झालीय, किंवा बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मांडणीत, तिचं नावच दिसत नाही, तर संगणक बंद करा आणि पुन्हा सुरू करून बघायचा मोह टाळा. डिस्क वाचणारं हेड निखळलं असेल तर प्रत्येक फेरीला ते तबकडीवरचा थर खरवडतं, आणि तिथून गेलेली माहिती कोणतीच प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना उपाय अजूनही सांगितला जातो. गोव्याच्या दमट हवेत थंडगार डिस्क बाहेर काढताच तिच्यावर, आणि हवेसाठी ठेवलेल्या बारीक भोकातून आतही, पाणी साचतं. डिस्कच्या खालची हिरवी पाटी (सर्किट बोर्ड) दुसऱ्या तशाच डिस्कची लावणं हाही उपाय आता चालत नाही: पाटीवरच्या रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मोजमापं असतात, ती चिप हलवल्याशिवाय नवी पाटी निरुपयोगी. अशी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेतच उघडायला हवी. त्यासाठी गोव्यातून बहुतेकदा मुंबई, पुणे किंवा बेंगळुरू गाठावं लागतं. पाठवताना अँटिस्टॅटिक पिशवी, चहूबाजूंनी दोन इंच फोम आणि घट्ट खोका. खासगी बसच्या डिकीत पिशवीतून टाकून पाठवलेली डिस्क पोचते, पण तिच्यातलं काय पोचेल ते सांगता येत नाही.

पाटीची धातूची टोकं नुसती काळी पडली असतील तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात असं बरेचदा होतं. पाटीचे स्क्रू बहुतेक टॉर्क्स प्रकारचे असतात. पाटी उलटी करून टोकं पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली की कधीकधी डिस्क पुन्हा दिसू लागते. दिसली तर ती प्रत काढायची संधी समजा, बरी झाली असं समजू नका.

काय काय लागेल

नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, आणि ही तुलना बाइट्समध्ये करायची. ५०० जीबीच्या जागी ४८० जीबीची एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर चालणारी डिस्क, स्वस्त मिळते, पण सेक्टरला सेक्टर प्रत तिच्यावर मावत नाही. विंडोज ५०० जीबीच्या डिस्कला ४६५ आणि १ टीबीला ९३१ दाखवतं. ती फसवणूक नसून मोजायची पद्धत वेगळी आहे.

जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची सॅटा डिस्क असते, जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर. ७ मिलिमीटरची एसएसडी ९.५ च्या खणात थोडी सैल बसते, सोबत येणारी प्लास्टिकची चौकट लावा. पट्टीसारख्या एसएसडीसाठीची एम-टू खाच असली तरी ती एनव्हीएमई या नव्या पद्धतीची एसएसडी चालवते की फक्त सॅटाची, हे लॅपटॉपच्या मॉडेलवरून आधी पाहा. दोन्हींचा आकार सारखाच असतो आणि चुकीची घेतली तर संगणकाला ती दिसत नाही.

सी५ शून्य असेल तर थेट नव्या एसएसडीवर प्रत काढायला हरकत नाही. शून्याच्या वर असेल तर मधे एक मोठी, धडधाकट डिस्क घ्यावी हे बरं: आधी तिच्यावर प्रत, तिथेच दुरुस्ती, आणि मग स्वच्छ झालेलं सगळं एसएसडीवर. खर्च वाढतो, पण ती डिस्क पुढे बॅकअपसाठी राहते.

बाकी साहित्य: सॅटा-यूएसबी केबल, तीही यूएसबी ३ ची, साडेतीन इंची डिस्क असेल तर ती बाहेरून जोडायचा, १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेला डॉक, दोन पेन ड्राइव्ह, लॅपटॉपसाठी शून्य नंबरचा आणि डेस्कटॉपसाठी दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. १ टीबीची प्रत सेकंदाला १०० एमबी वेगाने पावणेतीन तासांत होते, यूएसबी २ वर त्याच कामाला आठ-नऊ तास लागतात. डेस्कटॉप असेल तर केबलच्या भानगडीत न पडता दोन्ही डिस्क सरळ मदरबोर्डला जोडा. खूप स्वस्त यूएसबी केबली खराब सेक्टर आला की स्वतःच लटकतात. काही जुने डॉक मोठ्या डिस्कचे सेक्टर वेगळ्या मापाचे दाखवतात, मग तिथे काढलेली प्रत संगणकात बसवल्यावर रिकामी दिसते.

चवथीच्या आठवड्यात दुकानंही बंद आणि कुरिअरही रखडलेलं असतं. डिस्कने त्याच सुमारास त्रास दिला तर सामान हाती येईपर्यंत संगणक बंद ठेवा.

वीज

पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते गोव्यात कोणाला सांगायला नको. डिस्क फिरत असताना पुरवठा तुटला तर ती फिरत्या तबकडीच्या उरल्या वेगातून वीज घेऊन हेड घाईघाईत बाजूला नेते. धडधाकट डिस्कला ते झेपतं, थकलेलीला प्रत्येक झटका महाग पडतो. वीज खात्याच्या देखभालीसाठी पुरवठा बंद राहणार असल्याच्या सूचना वर्तमानपत्रांत येतात. आपला भाग त्यात नाही ना हे पाहूनच प्रत सुरू करा. डेस्कटॉप आणि डॉक दोन्ही यूपीएसवर लावा. फक्त डेस्कटॉप लावला आणि डॉक भिंतीतल्या प्लगवर राहिला, असं सर्रास होतं. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा, साध्या मोडवर बदलायला लागणाऱ्या वेळात संगणक बंद पडू शकतो.

आधी जीव की प्राण असलेल्या फाइली

डिस्क अजून नीट उघडत असेल तर पूर्ण प्रतीआधी मोजक्या फाइली काढून घ्या. लहान आणि पुन्हा न मिळणाऱ्या आधी: टॅलीचं डेटा फोल्डर, जमिनीचे एक-चौदाचे उतारे आणि विक्रीखतांचे स्कॅन, आउटलुकमधल्या ईमेलची पीएसटी फाइल, मुलांचे फोटो. भजनांची आणि नाट्यगीतांची रेकॉर्डिंगं मोठी असतात, ती नंतर. सिनेमे तर सोडूनच द्या.

डीटीपीचं काम करणाऱ्यांनी कोरल-पेजमेकरच्या फाइलींबरोबर विंडोजचं फॉन्ट्स फोल्डरही घ्यावं. श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेली लग्नपत्रिका किंवा स्मरणिका तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा कचरा दिसते. फाइल वाचते, मजकूर जातो.

एक्सप्लोररमधून ओढून कॉपी करू नका, एका खराब फाइलवर तो सगळं काम अडवतो. विंडोजमध्येच असलेलं रोबोकॉपी बरं, पण त्याची मूळ मांडणी या कामाला घातक आहे: अडलेल्या फाइलसाठी ते दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी तीस सेकंद थांबून. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन पर्याय शून्यावर ठेवा आणि ‘एक्सजे’ लावा, म्हणजे वापरकर्त्याच्या फोल्डरमधल्या आडवाटांमध्ये ते गोल गोल फिरणार नाही.

एवढ्यातच डिस्क अडखळू लागली तर थांबा आणि पुढच्या टप्प्याला जा.

पूर्ण प्रत

त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा. नव्या लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने ते मालकाला न कळत सुरू असतं. ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का पाहा आणि कागदावर उतरवा. तिच्याशिवाय उत्तम प्रतसुद्धा उघडणार नाही.

विंडोज शिफ्ट दाबून बंद करा, म्हणजे ते पूर्ण बंद होतं. नुसतं बंद केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपतं आणि दुसऱ्या प्रणालीला डिस्कवरचं विभाजन (पार्टिशन) अडकलेलं दिसतं.

आता सिस्टमरेस्क्यू ही लिनक्स प्रणाली रुफस या साधनाने एका पेन ड्राइव्हवर टाका आणि संगणक तिच्यावरून सुरू करा. ती जोडलेल्या डिस्क आपणहून उघडत नाही, म्हणून इथे ती योग्य. तिच्यात डीडीरेस्क्यू हे प्रत काढायचं साधन आधीपासून असतं. डिस्क निरोगी असेल तर क्लोनझिलाही चालेल, पण सी५ वर आकडा असेल तर डीडीरेस्क्यूच.

ते बरं का, याचं कारण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. साधी क्लोन साधनं खराब जागी अडतात आणि तिथेच डिस्कचा जीव घेतात. डीडीरेस्क्यू अडचणीची जागा दिसली की उडी मारून पुढे जातं, सोपं ते सगळं आधी उचलतं, आणि मग कडेने कुरतडत अवघड भागाकडे येतं. डिस्क मधेच मेली तरी तोवर बहुतेक माहिती हातात आलेली असते.

पहिलं काम ओळख. ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने डिस्कची यादी मॉडेल आणि सीरियल नंबरसह काढा आणि डिस्कवरच्या लेबलाशी ताडून पाहा. आकारावरून ओळखू नका, दोन्ही १ टीबीच्या असतील तर काय कराल? इथे उलटसुलट झालं तर कोरी डिस्क जुनीवर लिहिली जाते आणि सगळं तिथेच संपतं. दोघांनी मिळून वाचावं, एकाने म्हणावं, दुसऱ्याने तपासावं.

आज्ञा रोमन लिपीत टाइप करायची. क्रम असा: डीडीरेस्क्यूचं नाव, मग ‘एफ’ आणि ‘एन’ हे पर्याय, मग जुनी डिस्क, मग नवी डिस्क, शेवटी मॅपफाइलचा मार्ग. ‘एफ’ म्हणजे नव्या डिस्कवर थेट लिहायला परवानगी, ‘एन’ म्हणजे अवघड भाग या फेरीत खरवडू नको. मॅपफाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. कुठवर वाचलं, काय राहिलं याची नोंद तिच्यात असते. ती संगणकाच्या मेमरीत ठेवली आणि वीज गेली तर सगळं पहिल्यापासून. मॅपफाइल असेल तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, काम राहिलं तिथून पुढे सुरू होतं.

फेरी संपल्यावर दुसरी: ‘एन’ काढून ‘डी’ लावा आणि ‘आर’ ला ३ द्या. बाकी सगळं तसंच, मॅपफाइलही तीच. आता उरलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न होतील. ही फेरी काही तासांची असेल, काही दिवसांचीही. डिस्कवर टेबल फॅनचा वारा सोडा आणि ती हलवू नका. वेग एकदम केबींवर आला आणि वर चढेना, तर थांबवून डिस्क गार होऊ द्या. मोठा ‘आर’ देऊन शेवटाकडून वाचायला लावलं की कधीकधी बरंच सुटतं. ९९.९ टक्के आलं असेल आणि टकटक सुरू झाली, तर तिथेच सोडा.

बसवणं

संगणक बंद, अडॅप्टर बाहेर, लॅपटॉपची आतली बॅटरी सुटी, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. धातूच्या भागाला हात लावून अंगातली वीज उतरवा. पातळ लॅपटॉपमध्ये डिस्क चपट्या रिबिनीने जोडलेली असते, ओढताना ती चिरते. कनेक्टर नखाने दोन्ही टोकांनी आळीपाळीने सरकवा. अडीच इंचीला एम-थ्री स्क्रू लागतात, साडेतीन इंचीला त्याहून जाड. डबीतला लांब स्क्रू जोर लावून पिळला तर तो आत पाटीला जाऊन टेकतो.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क संगणकाला जोडलेली नको, यूएसबीवरही नाही. दोन्हींची डिजिटल ओळख एकच असल्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन करतं, किंवा गुपचूप जुनीवरूनच सुरू होतं आणि तिच्यावर लिहू लागतं.

सुरू झाल्यावर, आणि नाही झालं तर

निळा पडदा येऊन बूटचं साधन सापडत नाही म्हणाला, तर बायॉसमध्ये सॅटाची पद्धत पाहा. जुन्या डिस्कवेळी ती ‘रेड’ या मांडणीत असेल आणि आता ‘एएचसीआय’ झाली असेल, तर पूर्ववत करा. तरी जमेना तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर एकदा करून बघा. एकदाच. विंडोजच्या स्वतःच्या फाइली खराब सेक्टरांत गेल्या असतील तर त्यांच्याशी झुंजत बसू नका: एसएसडीवर नवं विंडोज टाका आणि प्रतीतून फाइली आणा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा संगणक झेपत असेल तर ११ च टाका.

प्रतीत मोठी भोकं असतील तर चेकडिस्कआधी फाइली दुसरीकडे काढून घ्या. चेकडिस्क तुटलेल्या नोंदी जुळवताना काही फोल्डर उचलून भलत्याच नावाच्या तुकड्यांत टाकतं. भोकं नसतील तर आधी चेकडिस्क ‘एफ’ पर्यायासह, मग विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासणारं एसएफसी स्कॅन.

फाइल यादीत दिसते म्हणून ती शाबूत आहे असं नाही. कोऱ्या डिस्कवरच्या प्रतीत न वाचलेल्या जागी शून्यं असतात, आणि फाइलीचा आकार तेवढाच राहतो. टॅलीत कंपनी उघडून शेवटची व्हाउचरं पाहा, पीएसटी फाइल स्कॅनपीएसटी या साधनाने तपासा, फोटोंचे मोठे थंबनेल चाळा. खालचा अर्धा राखाडी असलेले लगेच दिसतात. फाइली हजारोंनी असतील तर डीडीरेस्क्यूचा फिल मोड प्रतीतल्या भोकांत तुम्ही ठरवलेला शब्द भरतो. मग तो शब्द सगळ्या फाइलींत शोधला की बिघडलेल्यांची यादीच हाती येते. विभाजनच नाहीसं झालं असेल तर टेस्टडिस्क, नावं गेली तरी चालतील पण फोटो हवेत तर फोटोरेक; ही दोन्ही साधनं प्रतीवरच चालवा.

नवी डिस्क मोठी असूनही सी विभाजन वाढत नसेल, तर मधे सुमारे ५०० एमबीचं रिकव्हरी विभाजन आडवं आलेलं असतं. जीपार्टेड या विभाजनं हलवणाऱ्या साधनाने ते शेवटी सरकवा. जीपार्टेड उघडताच जागेची नोंद दुरुस्त करू का विचारेल, त्याला हो म्हणा. टॅलीसारख्या परवान्याच्या सॉफ्टवेअरला डिस्क बदललेली कळते, परवाना पुन्हा सक्रिय करावा लागू शकतो. सीरियल नंबर आणि खात्याचा ईमेल जवळ ठेवा.

जुनी डिस्क

तारीख लिहून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत दोन महिने ठेवा. जीएसटीचं विवरण भरताना किंवा मामलेदार कार्यालयातून कागद मागितल्यावरच एखादी हरवलेली फाइल आठवते. वॉरंटीत असेल तर लगेच बदलून घ्यायची घाई नको, कंपनीकडे गेलेली डिस्क परत येत नाही, तिच्या जागी दुसरी येते. द्यायच्या आधी ती पूर्ण पुसा. पुसण्याइतकी चालत नसेल आणि तिच्यात ग्राहकांचे आधार किंवा बँकेचे कागद असतील, तर वॉरंटीवर पाणी सोडा, तबकड्यांमधून ड्रिलने तीन-चार भोकं पाडा आणि पालिका किंवा पंचायत ई-कचरा गोळा करते तेव्हा द्या. भोकं पाडताना चष्मा घाला; अडीच इंची डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटतात.